शेवटच्या रांगेतली जागा

मुंजियासमोर कॅफेचं नाव काढायची सोय नव्हती. गाव तीन बाजूंनी समुद्रात घुसलेलं, आणि जिथून म्हणून समुद्र दिसतो तिथे कोणीतरी खुर्च्या टाकून ठेवलेल्या. ट्युनिसहून माणसं यायची, फ्रान्सहून यायची, किल्ला बघायची, दीपगृह बघायची, मग या कॅफेतून त्या कॅफेत असा दिवस काढायची आणि काय सुंदर गाव म्हणत निघून जायची. मुंजियाला त्यांचा राग होताच. त्याहून जास्त राग गावातल्या पुरुषांचा होता, कारण ते निघूनही जात नसत.

तिचा नवरा हमादी त्यांतलाच. रात्री होडी घेऊन मासेमारीला जायचा, सकाळी झोपायचा आणि दुपारपासून टोकावरच्या कॅफेत पत्ते कुटत बसायचा. कॅफे आता खमैसचा आहे, तेव्हा त्याच्या बापाचा होता. पत्त्यांत भिडू कायम एकच, मुन्सिफ. हा मुन्सिफ जाळी विणायचा. लग्न त्याने केलं नव्हतं, आणि मुंजिया म्हणायची की त्याला गरजच काय, माझा नवरा आहे ना त्याला.

पुरुषांच्या कॅफेत बायका पाय ठेवत नाहीत. नवऱ्याशी काम असलं तर समोरच्या भिंतीशी उभं राहायचं, पोराचं नाव घेऊन हाक मारायची आणि आतलं कोणीतरी नवऱ्याला कोपर मारेपर्यंत वाट बघायची. मुलीच्या, सलूहाच्या वेळी मुंजियाला कळा सुरू झाल्या तेव्हा ती अशीच जाऊन उभी राहिली, डिसेंबरच्या वाऱ्यात, भिंत धरून. पहिलंच मूल, त्यामुळे हाक मारायला नावसुद्धा नव्हतं. शेवटी मुन्सिफचं लक्ष गेलं आणि त्याने हमादीला सांगितलं. हमादी म्हणाला, "एवढा डाव होऊ दे." हे शब्द तिने स्वतःच्या कानांनी ऐकले. पुढे सलूहाचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तरी मुंजियाने ते विसरायचं मनावर घेतलं नाही.

हमादी गेला तो बाजारात, कलिंगड निवडता निवडता. त्याला टोकावरच्या जुन्या कबरस्तानात पुरलं. तिथे कुंपण नाही. कबरी उतारावरून खाली येतात आणि शेवटची रांग कॅफेच्या अंगणाला येऊन भिडते. हमादीला जागा मिळाली त्याच रांगेत. "मेला तरी कॅफे सोडला नाही," असं मुंजियाने मातमाला आलेल्या बायकांना सांगितलं, आणि बायकांना हसावं की रडावं कळेना. त्याच्या शेजारची, अंगणाकडची मोकळी जागा तिची होती. जुन्या कबरस्तानात आता ज्यांचं कोणी आधीच पुरलेलं आहे त्यांनाच शेजारी जागा मिळते. बाकीच्यांची रवानगी गावाबाहेर, विटभट्टीपलीकडच्या नव्या कबरस्तानात, जिथे समुद्र दिसत नाही आणि माणूसही फिरकत नाही.

दर शुक्रवारी ती यायची. चुना उडाला असला तर हात मारायची, आणि कबरीच्या दगडात पाखरांसाठी कोरलेली वाटी पाण्याने भरायची. एका शुक्रवारी त्या वाटीत सिगारेटची थोटकं होती आणि लिंबाची चोखलेली फोड. कबरीपासून हातभर अंतरावर एक खुर्ची, तिच्यावर उन्हाने लाल झालेला पाहुणा. त्याने तिच्याकडे बघून हसून मान डोलावली. त्या बिचाऱ्याला वाटलं, दगडातला खड्डा राख झाडायलाच असणार.

मुंजिया तशीच अंगणाच्या कडेला गेली. "खमैस, बाहेर ये."

खमैस हात पुसत आला. "बोल मावशी."

"तुझी गिऱ्हाइकं माझ्या नवऱ्याच्या छातीवर विड्या विझवतायत."

"त्यांना काय कळतं, मावशी? परकी माणसं. मी सांगतो त्यांना."

"सांगू नकोस. खुर्च्या मागे घे."

"मागे कशा घेऊ? उलट पुढे यायच्यात. या महिन्यात फरशी घालतोय, कबरीपर्यंत. नगरपालिकेने परवानगी दिलीय. मधली पट्टी मोकळीच आहे, तिथे कोणी नाही."

"तिथे मी आहे."

खमैसने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तर माझ्यापुढे उभी आहेस, मावशी. चांगली धडधाकट."

"ती माझी जागा आहे हे तुला माहीत आहे. तुझ्या बापालाही माहीत होतं."

"बाप गेला. आणि गावाला आता पाहुण्यांवर जगायचंय, मेलेल्यांवर नाही."

नगरपालिकेत तिला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर नाचवलं आणि शेवटी सांगितलं की कबर असती तर हात लावला नसता, पण रिकाम्या जमिनीला कबर कशी म्हणायची? मग मुंजियाने जे केलं ते गावात कोणी केलं नव्हतं. पांढरी चादर अंगाभोवती घट्ट आवळली, मांडीवर सोलायला वाटाणे घेतले आणि खमैसच्या कॅफेत, पत्ते खेळणाऱ्यांच्या बरोबर मधल्या टेबलाशी जाऊन बसली.

खेळ थांबला. मित्राच्या विधवेसमोर शिव्या कशा द्यायच्या, आणि शिव्यांशिवाय पत्ते कसे खेळायचे? कोणी तिला उठ म्हणू शकेना. विधवेला हात लावला तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. खमैसने थंड, कडू कॉफी आणून आदळली. तिने तोंड वाकडं न करता ती संपवली आणि वाटाणे सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी कोबी घेऊन. हळूहळू पुरुष मासळी बाजारातल्या कॅफेकडे वळले, टेबलं ओस पडली, आणि मुंजिया खुशीत घरी जाऊन दोन घास जास्त जेवू लागली.

मुन्सिफ तेवढा येत राहिला. छाती भरलेली, बोलताना धाप लागायची. तो कोपऱ्यात एकटाच पत्ते पिसायचा.

"सलूहाच्या आई," तो एकदा म्हणाला, "पुष्कळ झालं. जाऊ द्या आता."

"तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही पत्ते पिसा."

आठवड्याभराने एक गाइड पाहुण्यांचा घोळका घेऊन आला. त्याने मुंजियाकडे बोट दाखवून काहीतरी लांबलचक सांगितलं, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो निघाले. एका बाईने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी मोठा घोळका आला, तिसऱ्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. गाइडच्या गोष्टीतली, नवऱ्याच्या कबरीशेजारी रोज त्याची वाट बघत बसणारी म्हातारी बघायला लोक किल्ल्याआधी इकडे येऊ लागले. खमैसने स्वतःच्या हाताने तिच्यासमोर चहा ठेवला, वर चिलगोज्याचे दाणे तरंगत असलेला, पाहुण्यांना देतात तसला.

"बस मावशी, रोज बस. तुझ्यासाठी उशी मागवलीय," तो म्हणाला. "फरशी सोमवारी घालू. तुझी खुर्ची अगदी कडेला ठेवतो, समुद्र चांगला दिसेल."

तिने चहा त्याच्या पायांवर ओतला आणि घरी निघून आली. घोळक्याने त्याचाही फोटो काढला.

संध्याकाळी दार वाजलं. मुन्सिफ होता. उंबऱ्याबाहेरच, भिंतीला टेकून, श्वास गोळा करत.

"ती पट्टी कबरीशिवाय वाचत नाही," तो म्हणाला. "नगरपालिका बोलली ते खरं आहे. तुम्हाला अजून वेळ आहे. मला नाही. मला द्या ती जागा."

मुंजियाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "हयातभर माझा नवरा घेतलात. एक दिवस, एक संध्याकाळ माझ्या वाट्याला येऊ दिली नाहीत. आता मेल्यावरची जागापण तुम्हालाच? लाज नाही वाटत?"

"वाटते," मुन्सिफ म्हणाला. "पण फरशीपेक्षा मी बरा."

तिने दार लावून घेतलं.

शनिवारी खमैसने सिमेंटची पोती आणून पट्टीवर रचली. रविवारी सकाळी शेजारीण सांगत आली की मुन्सिफ जाळ्यांच्या ढिगावर बसल्या बसल्या गेला. दुपारी त्याचा पुतण्या स्फाक्स शहराहून आला. तो विटभट्टीकडे खड्डा खणायला सांगणार होता.

मुंजिया कोबी चिरायला बसली. मुन्सिफला ती जागा द्यायची म्हटलं की सुरी जोरात चालायची. खमैसची फरशी डोळ्यांसमोर आली की त्याहून जोरात. शेवटी तिने चादर ओढली, पुतण्याकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या शेजारी पुरा. जागा माझी आहे, मी देतेय. विचारू नका काही."

दफनाला बायका जात नाहीत. पुढचं तिला सलूहाच्या नवऱ्याने येऊन सांगितलं. वाटेत जनाजा दिसला की खांदा द्यावाच लागतो, आणि जनाजा नेमका खमैसच्या अंगणातून गेला. पाहुण्यांदेखत त्याने खांदा दिला. सिमेंटची पोती त्यानेच पाठीवरून उचलून नेली, कारण खणणारे थांबले होते आणि इमाम त्याच्याकडे बघत होता. सलूहाचा नवरा हसून हसून बेजार झाला होता. मुंजियापण हसली. तिला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सलूहाला घेऊन गेली. कॅफेत पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसले होते. खमैसने तिला बघितलं आणि पाठ फिरवली. मुन्सिफच्या कबरीची ओली माती हमादीच्या चुन्याला लागून होती. खणणाऱ्यांनी जागा पुरवून पुरवून वापरली होती, दोन कबरींच्या मधे पाऊल ठेवण्याइतकीही फट नव्हती. मुंजिया या बाजूने गेली, त्या बाजूने गेली. कुठे बसावं तिला कळेना. मग हमादीच्या पायांशी बसली.

"आता तुझं काय, आई?" सलूहाने विचारलं.

"विटभट्टीकडे टाका."

"तिकडे एकटी पडशील तू."

"मग इकडे तरी काय होते? एकटीच ना?" मुंजिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हमादी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिला त्याचा राग आला होता, इतका की दगडावर डोकं आपटावंसं वाटत होतं. हा माणूस शेवटी तरी आपल्या वाट्याला येईल, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.