न थरथरणारा हात

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, आज लिहिणारच. सकाळी बाजारात एक बाई सुईत दोरा ओवत होती. तिचा हात जराही हलला नाही आणि मला कुसुम आठवली. तिच्या घराण्यात हात थरथरण्याचा आजार होता. त्या घरातल्यांच्या रक्तावरून आम्ही संशोधक गुणसूत्राच्या एका तुकड्यातल्या जनुकांचा नकाशा आखत होतो. "डॉक्टर, लवकर सांगा हो, स्थळ थांबलंय," ती हसून म्हणाली होती. तिचा तुकडा निर्दोष निघाला, म्हणजे तिला तो आजार होणार नव्हता. तरी शोधनिबंध छापून येईपर्यंत मी गप्प राहिलो. सांगायला गेलो, तोवर स्थळ मोडलं होतं. तिनं काठोकाठ भरलेला चहाचा कप थेंबही न सांडता पुढे केला. "माझं चुकलं" म्हणायला गेलो होतो; "चहा छान झालाय" म्हणून उठलो.