आईचं नाक, मामेबहिणीकडून

ज्या शहरात ‘परसों’ म्हणजे गेल्या आठवड्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंत काहीही, त्या हैदराबादेतही माझ्या थोरल्या साडूंइतका बिनघाईचा माणूस सापडायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काचीगुड्याच्या घरी मोबाइलवर बघून ते तैलरंगात जुन्या पद्धतीचं व्यक्तिचित्र काढायला शिकले, आणि ही कला जणू त्यांचीच वाट बघत थांबली होती. आधी मातकट थर, तो वाळला की राखाडी, तो वाळला की कातडीचा रंग. चित्र त्यांच्या आईचं. त्या गेल्या तेव्हा साडू चार वर्षांचे, आणि आईंचा फोटो कुणी काढलेलाच नाही. चेहरा पाहिलेलं माणूस एकच उरलं होतं, विद्यानगरच्या मावशी. त्यांच्या सांगण्यावरून नाक मामेबहिणीचं आणि कपाळ साडूंच्या धाकट्या भावाचं घ्यायचं ठरलं. मग एका लग्नात साडू बिर्याणी बाजूला ठेवून, हात लांब करून ब्रश धरून, एक डोळा मिटून मामेबहिणीचं नाक मोजत राहिले. तिला सवय होती; तिच्या शेजारच्या बाईंनी मात्र खुर्ची बदलली.

लुगड्याच्या चुण्यांसाठी बसायला घरातलं कुणी तयार होईना, म्हणून मी. “तुमच्या पोटामुळे चुण्या झकास पडतात,” साडू म्हणाले. चार रविवार मी नऊवारीत बसलो. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, दारातच थबकला. “क्या साब, ड्रामे की प्रॅक्टिस?”

“हलू नका,” साडू मला म्हणाले. “उत्तरही देऊ नका.”

राखाडी थर महिनोन् महिने वाळत होता. “सासूबाई हॉलमध्ये भुतासारख्या बसल्यात,” माझी मेव्हणी म्हणायची. “पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात.”

तेवढ्यात मावशींच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दिसतंय तेही आता फार दिवस टिकायचं नाही. साडूंना घाईत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आठवड्याभरात चेहऱ्यापासून लुगड्यापर्यंत रंग चढवून, पंख्याखाली धरून, ओलंच चित्र घेऊन आम्ही रिक्षात बसलो. माझ्या पँटला त्यांच्या आईचा खांदा लागला, तो अजून गेलेला नाही.

मावशींनी खिडकीपाशी चित्र अगदी डोळ्यांजवळ धरलं. साडू शाळकरी मुलासारखे उभे.

“नाक बरोबर आहे. कपाळही,” त्या म्हणाल्या. “पण अक्का अशी मांडीवर हात ठेवून बसलेली मी कधी पाहिली नाही रे. सारखी कामात.”

साडूंचा चेहरा उतरला. “हात बदलतो, मावशी. काय देऊ? सूप देऊ? विळी?”

मावशींनी चित्र पुन्हा डोळ्यांजवळ घेतलं आणि ते हात नीट पाहिले.

“नको,” त्या म्हणाल्या. “बसू दे तिला आता.”