दोन इंच आखूड बाही

तिला सगळे टाचणीमावशी म्हणायचे, कारण तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असायच्या आणि त्यामुळे ती बोलायची कमी, हुंकार जास्त द्यायची. शिलाई मशीन खिडकीला लावलेलं. दुपारचं ऊन आत यायचं, खडूची भुकटी त्यात तरंगत राहायची आणि मावशी डोळे उघडे ठेवून कुठेतरी दूर निघून जायची. चर्चमध्ये तिला देव कधी नीट भेटलाच नाही. तिथे तो फार कडक इस्त्रीत असायचा. इथे मात्र मशीनच्या टकटकीत तो शेजारच्या स्टुलावर येऊन बसायचा, आणि ती टाचण्यांमधूनच त्याच्याशी बोलायची.

भिंतीवर खिळ्याला तपकिरी कागद टांगलेला होता. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, झग्याचा नमुना. समुद्रापलीकडून आलेल्या पहिल्या पाळकाचा झगा मावशीच्या आजोबांनी शिवला, आणि पुढचे सगळे त्याच मापाने. पाळक जाडा असो, बुटका असो, झगा तोच! काळी जाड लोकर, आत अस्तर, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि उजवी बाही डावीपेक्षा दोन इंच आखूड. का, तर आशीर्वादाचा हात मोकळा राहावा म्हणून. यावर प्रवचनं झाली होती प्रवचनं! मंडळीतले पुरुष चर्चच्या दारात उजवी बाही दुमडूनच आत शिरायचे. मावशीच्या वडिलांनी जाताना तिचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "त्या कागदाला कात्री लावू नकोस."

आता पाळक होणार होती मावशीची भाची. आईविना मावशीकडेच, मशीनखाली चिंध्यांत खेळून मोठी झालेली. चण एवढीशी. रविवारी दीक्षा.

गुरुवारी तिने कच्चा झगा अंगात घातला आणि आरशात पाहिलं. डावा हात बाहीत गडप. गळ्यावरून घामाच्या धारा.

"मावशी, यात मी कुठे आहे गं?"

"हुं."

"हुं काय! मला वाटतं देवाने मला चुकूनच बोलावलं. त्याला उंच, धिप्पाड कुणीतरी हवा असणार. नाही म्हणून कळवून टाकू का?"

रडू फुटलं तिला. मावशीने तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. हे क्वचितच व्हायचं.

"शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली.

भाची गेल्यावर तिने ट्रंकेतून आजोबांची मापांची वही काढली. हा झगा नेमका कुणाच्या अंगाचा, तेवढं तरी कळू दे. पिवळं पान सापडलं. पाद्रीसाहेब. डावा हात चोवीस, उजवा बावीस. बाजूला आजोबांचं बारीक अक्षर: "घोड्यावरून पडले. हाड आखूड जुळलं. बिचारे हात लपवतात."

मावशी आधी हसली. मग हसता हसता रडायलाच लागली. उन्हात तिला तो माणूस दिसला, घरापासून लांब आलेला, थकलेला, वाकडा हात पाठीमागे धरून लाजत उभा. आणि समोर आजोबा, टेप घेऊन, अगदी हळू त्याच्या दुखऱ्या हाताचं माप घेताना. आजोबांनी त्या माणसाला पाहिलं होतं. त्यांच्यानंतर कुणी कुणाला पाहिलंच नाही.

तिने कागदाला कात्री लावली नाही. खिळ्यावरून अलगद काढला, गुंडाळी केली, वहीजवळ ठेवला. आणि नवा कोरा कागद पसरला.

शनिवारी मंडळीचे चिटणीसकाका बघायला आले. पातळ सुती झगा, भाचीच्या अंगाचा.

"हे काय? आणि उजवी बाही?"

"तिच्या हाताएवढी."

"अगं, वेड लागलं का तुला? त्या बाहीला अर्थ आहे!"

मावशीने वही पुढे केली. काकांनी चष्मा चढवला.

"घोड्यावरून?"

"घोड्यावरून."

काका आपल्या सवयीनेच दुमडलेल्या बाहीकडे बघत बसले. "चाळीस वर्षं... म्हणजे तो घोडा नीट चालला असता तर..." मग एकदम रडवेले झाले. "मंडळीला काय सांगू मी?"

"सांगा, देव माणूस झाला तेव्हा स्वतःच्या मापाचं अंग घेऊन आला. उसनं नाही."

भाची दारातच उभी होती. आत आली आणि झगा घालून आरशासमोर गेली. "अय्या," एवढंच म्हणाली, "ही तर मीच."

रविवारी तिने आशीर्वादासाठी हात उचलला तेव्हा बाही मनगटापाशी शांत थांबली होती. पुढच्या बाकावर काकांनी आपली बाही सोडली, पुन्हा दुमडली, पुन्हा सोडली. मावशी मागे, भिंतीलगतच्या बाकावर बसलेली. डोळे उघडे, आणि कानात कुठूनतरी मशीनची टकटक. बाक शेजारी किंचित करकरलं. तिने वळून पाहिलं नाही. फक्त त्याला नीट बसता यावं म्हणून थोडीशी सरकली.