उजवा कौल

देवाने 'हो' म्हटलं आणि माझा देवावरचा विश्वासच डळमळला, अशी ती वेळ होती.

माझा धाकटा भाऊ मॉस्कोत एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याची बायको आणि छोटी मुलगी सिंधुदुर्गात, आमच्या गावी, आईपाशी. मॉस्कोत त्याला एका एजंटाने गाठलं. वर्षभरासाठी रशियाच्या सैन्यात भरती हो, तुला, बायकोला, मुलीला, तिघांनाही तिथलं नागरिकत्व मिळेल; लढायचं नाही, मागे राहून फक्त जेवण रांधायचं. सोमवारी सही करायची होती. मी इकडे अमेरिकेत, बॉथेलहून फोनवर ओरडले, "अरे, युद्धात कुणी नुसती डाळ फोडणीला घालायला नेतं का?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू शिकलीस, अमेरिकेला गेलीस. तुझी मुलं जन्मतःच तिथली. माझ्या छकुलीला मी काय देऊ? माझ्याकडे डिग्री नाही. अंग आहे, ते देतो."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. ते मी मिरवते, आणि का मिरवू नये? पण माझ्या त्या डिग्रीकडे बघून भाऊ आपलं अंग विकायला निघेल, हे मनात कधी आलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आईला देवळात कौल लावायला सांगितलंय. उजवा मिळाला तर सही करणार, डावा मिळाला तर नाही. मग तू पण गप्प बसायचं."

आमच्याकडे मोठं काम काढण्याआधी ग्रामदेवतेला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं गाऱ्हाण्यात देवापुढे मांडतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. इथे शुक्रवारची संध्याकाळ होती, गावी शनिवारची सकाळ. मी कामावरून येऊन अंगावरचा कोटही न काढता फोन हातात घेऊन बसले होते. आईचा आवाज आनंदाने फुटत होता. "बाय गो, देवान उजवो दिल्यान! आता कसली काळजी?"

म्हणजे देवच त्याला युद्धावर धाडत होता. मी विचारलं, "आई, गुरवकाकांनी गाऱ्हाणं नेमकं काय घातलं?" तेव्हा कळलं. देवापुढे युद्ध, सैन्य असले अभद्र शब्द काढायचे नाहीत, म्हणून आईने ते काढलेच नव्हते. गाऱ्हाणं एवढंच होतं : परदेशी गेलेल्या लेकराच्या संसाराचं भलं होणार असेल तर उजवा दे. मी प्रयोगशाळेत काम करते. प्रश्नच चुकला तर बरोबर उत्तराचाही उपयोग नसतो, हे मला रोज दिसतं. मी लगेच भावाला फोन लावला. "तुझ्या सहीबद्दल देवाला कुणी विचारलंच नाहीये!" तो म्हणाला, "देवाला मनातलं कळतं गं. तुझ्या लॅबसारखं नसतं ते." आणि त्याने फोन ठेवला.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. देव्हाऱ्यापुढे दिवा लावला आणि म्हटलं, "तू भलं होईल म्हणालास ना? मग आता ते निभाव. मी माझे पाय चालवते." एजंटाशी त्याच्याच भाषेत बोलून खरं काय ते काढणारं माणूस मला हवं होतं. म्हणून शनिवारी सकाळी उठून मी आमच्या जवळच्या रशियन किराणा दुकानात गेले. गल्ल्यावरच्या बाईने माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली. इथे युद्धाचा विषय नको, म्हणाली. मी तिथून हलले नाही. परत विचारलं. तेव्हा रांगेत माझ्यामागे काकड्यांची पिशवी घेऊन उभी असलेली एक म्हातारी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "एजंट कशाला? भावाला लाव. दे इकडे फोन."

व्हिडिओ कॉल लागला. भाऊ हॉटेलच्या किचनमध्ये होता. त्याला कामापुरती रशियन येत होती. आधी ती त्याला रागावल्यासारखी वाटली. मग तिने कढईत काय आहे ते दाखवायला लावलं. मग तिचा आवाज खाली आला आणि बराच वेळ ती एकटीच बोलत राहिली. मला एक अक्षर कळत नव्हतं. पडद्यावर मात्र माझा भाऊ अ‍ॅप्रनमध्ये तोंड खुपसून हुंदके देत होता. तिने फोन माझ्या हातात ठेवला, "सोमवारी जाणार नाही तो," एवढंच म्हणाली, आणि गल्ल्यावर जाऊन काकड्यांच्या भावावरून भांडू लागली.

ती काय बोलली ते भावाने नंतर सांगितलं. ती ताश्कंदची. तिच्या बहिणीचा नातू असाच बायकामुलांच्या कागदांसाठी गेला होता. त्यालाही स्वयंपाकाचंच काम सांगितलं होतं. वर्ष संपलं तरी सोडलं नाही. कागद आले, तो आला नाही. "ताई, तिने मला विचारलं, तुझी मुलगी नवा पासपोर्ट घेऊन विमानतळावर उतरेल, तेव्हा तिचा हात कोण धरेल?"

भाऊ गावी परतला. आता हायवेवरच्या एका खानावळीत रांधतो. छकुली शाळेतून थेट तिथे जाते आणि त्याच्या ओट्याशेजारी बसून जेवते. संसाराचं भलं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? देवाने खोटं सांगितलं नव्हतं. विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं होतं. भल्याची वाट सैन्यातून जाते, हे आमचं आम्हीच ठरवलं होतं.

देव मदत करून अदृश्य होतो असं लहानपणापासून ऐकत आले. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. ती आजी अजूनही दर शनिवारी त्या दुकानात भेटते. मी तिला कौलाची गोष्ट सांगितली, तेव्हा पोट धरून हसली. म्हणाली, "तुमच्या देवाला सांग, काकड्या फार महागल्यात." मी घरून नेलेली सोलकढी तिला आवडली नाही, तरी ती पूर्ण प्याली.

आता मी देवापुढे आपलं मागणं ठेवते, पण वाट कुठली ते त्याला सांगत नाही. चालायला मात्र ताबडतोब उठते. आणि शनिवारी दुकानातून निघताना, गाडीत बसले की, शेजारी कुणी नसलं तरी मोठ्याने म्हणते, व्हय म्हाराजा.