मधल्या सर्व्हरचा होकार

कारखान्याच्या ऊस नोंदणीचा प्रोग्राम मी शिरूरच्या ऑफिसात बसून लिहिला, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. गावोगावच्या गट ऑफिसातले कॉम्प्युटर डेटाबेसशी थेट बोलत नसत. त्यांच्यातला ड्रायव्हर, म्हणजे जोडणी करून देणारा छोटा प्रोग्राम, फक्त शिरूरच्या मधल्या सर्व्हरला ओळखायचा. नोंद त्याच्या हातात द्यायची, मग तो ती डेटाबेसला कळेल अशी करून पुढं पोचवायचा. कारखान्यानं डेटाबेस बदलला तेव्हा गावात कुणाला पत्ताही लागला नाही. तिथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

लाईन संथ असली की लोक खिडकीशी ताटकळत आणि क्लार्क फोन करून माझं डोकं खात. म्हणून मी मधल्याला शिकवलं: नोंद मिळाली की लगेच ‘झाली’ म्हण, पुढं सावकाश पोचव. सगळे खूश झाले.

राहू गावच्या माझ्या मामांनी उसाच्या लागणीची नोंद दिली, तेव्हा मीच त्यांना फोनवर ‘झाली’ म्हणून सांगितलं. बाकीचे शेतकरी नोंदीनंतरही चिटबॉयला, म्हणजे शेतांवर फिरणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठून त्याच्या वहीत आपलं नाव आहे का बघून, नसलं तर लिहवून येत. मामा गेले नाहीत. भाचीनंच सगळं केलंय, मग वही कशाला बघायची?

त्याच दुपारी शिरूरची वीज गेली, सर्व्हर बंद पडला आणि त्याच्यापाशी थांबलेल्या नोंदी पुसल्या गेल्या. इतरांच्या नोंदी चिटबॉयनं वहीवरून पुन्हा भरल्या. मामांचं नाव वहीत नव्हतं, त्यांची राहिली, आणि मला पत्ताही लागला नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या शेतांतून तोडणीच्या टोळ्या येऊन गेल्या. मामांच्या उसाला तुरे आले, पानं वाळली, तरी तोड येईना, कारण यादीत त्यांचं नावच नव्हतं. मी राहूला गेले. बांधावर उभं राहून कसंबसं म्हणाले, “मामा, चूक माझी आहे. नोंद पोचायच्या आधीच हो म्हणायला मीच लावलं होतं.”

“आसू दे,” ते उसाकडं बघत म्हणाले. “तू झाली म्हनलीस, म्हून म्या परत ईचारलं न्हाई.”

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता डेटाबेसकडून होकार आल्याशिवाय मधला सर्व्हर ‘झाली’ म्हणत नाही. यंदा मामांची नोंद मी स्वतः डेटाबेस उघडून पाहिली आणि मगच त्यांना फोन लावला.

“व्हय,” मामा म्हणाले. “म्या बी आत्ताच चिटबॉयच्या वहीत बघून आलो.”