मोठेबाबा आणि सहा टायरांची हवा

वऱ्हाडात माणसं पाण्याची काळजी करतात. उन्हाळा लागला की बोअर किती खाली गेली आणि टँकर कधी येणार, याशिवाय दुसरं बोलणं नसतं. या सगळ्या मुलखात हवेची काळजी करणारा माणूस मी एकच पाहिला, ते म्हणजे अकोल्याचे आमचे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी मेळघाटात, धारणीच्या बाजूला, जनावरांच्या दवाखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात, पोराला दुकान टाकून देतात. मोठेबाबांनी एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस घेतली. आतली बाकडी काढली, पलंग ठोकला, छोटा ओटा केला, खिडक्यांना मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या साड्यांचे पडदे लावले. बाहेरचा पिवळा रंग मात्र तसाच ठेवला, त्यामुळे गल्लीतली लहान पोरं त्या चालत्या घराला पाहून सकाळी उगाच दप्तर आवरायची.

हे घर केलं ते मोठीआईसाठी. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की कडेकडेचं दिसणं आकसत जाईल, औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. तेव्हा काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या. मला वाटलं ती ताजमहाल म्हणेल, समुद्र म्हणेल, आपल्या महापुरुषांचं एखादं स्मारक म्हणेल. ती म्हणाली, "मले सेमाडोहच्या घाटातलं ते सागाचं झाड पाहाचं आहे." मोठेबाबा म्हणाले, "नेतो. पन आधी हवेची सोय पाहू."

ती हवेची सोय दोन उन्हाळे चालली.

मोठेबाबांचं म्हणणं असं, की घाटात हवा मागायची कोणाला? मिनीबसला सहा टायर, पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार. तेव्हा हवा भरायचं यंत्र आपल्या गाडीत आपलं पाहिजे. पहिलं यंत्र आणलं ते जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्याच्या खोक्यावर एवढा मोठा आकडा छापला होता की त्या जोरावर विमानाचं चाक भरावं. ते गाडीतल्या सॉकेटला लावलं, एक टायर अर्धा भरला, वास आला आणि फ्यूज गेला. यंत्र इतकं तापलं की मोठीआई म्हणाली, "थांबा, पापड आनते." मी पेटून उठले. आमच्या घरात लग्नपत्रिकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त छापली गेली आहेत. ग्राहकाची अशी उघड फसवणूक पाहून माझ्या डोक्यात मथळासुद्धा तयार झाला. मोठेबाबांनी शांतपणे विचारलं, "पोरी, पत्रकानं टायर भरते का?" मग त्यांनी मला समजावलं की खोक्यावर लिहितात तो जोर, दम कोणी लिहीत नाही. "जोर तर कुस्तीत उतरल्यावर सगळ्याइलेच असते. मोठ्या टायरात हवा भरता भरता दमलं नाही पाहिजे, ते पाहाचं."

दुसरं यंत्र चार्जिंगचं होतं, दिसायला फार देखणं, अंधारात निळा उजेड द्यायचं. दोन टायर भरून ते झोपी गेलं. तिसरं आणलं ते थेट गॅरेजमधलं, टाकीवालं. त्याला दमच दम होता, पण ते गाडीत ठेवल्यावर कळलं की पलंगावर एक तर ते झोपेल नाही तर मोठीआई. मोठेबाबा थोडा वेळ खरोखर विचारात पडले होते, असं मोठीआई आजही सांगते.

यंत्र विकत घेतलं आणि वापरलं की परत करायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. वापरलेली वस्तू परत केली तर दुकानदार ती दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात मारणार. याबाबतीत मी त्यांच्या पूर्ण बाजूची आहे. पण त्यामुळे घरात यंत्रं साठली, आणि तुलना करायची म्हणून मोठेबाबा सगळ्या गल्लीच्या चाकांत हवा भरू लागले. सकाळी दारात दुधवाल्याची मोटारसायकल, भाजीवालीचा गाडा, शाळेचा ऑटो, सगळे रांगेत उभे. मोठेबाबा डोळे मिटून यंत्राचा आवाज ऐकत बसायचे, जसा एखादा भजनातला तबला ऐकतो. जयंतीच्या मिरवणुकीला निघालेला ट्रॅक्टरसुद्धा आधी त्यांच्या दारावर थांबला. अख्खी गल्ली टणक टायरांवर फिरत होती, आणि पिवळी मिनीबस कडुनिंबाखाली जागच्या जागी उभी होती.

मापाचंही तसंच. त्यांच्याकडे हवा मोजायची तीन मापकं, तिन्ही वेगवेगळा आकडा दाखवणारी. मधला आकडा खरा मानायचा, असं ठरलं होतं. बॅटरीपासून मागच्या आतल्या टायरापर्यंत नळी किती लांब लागेल, हे मोजायला त्यांनी मोठीआईची वाळत घातलेली साडी नेली आणि ऑइलने माखून परत आणली. "बाहेरचा टायर सगळे पाह्यतात," ते मला म्हणाले, "आतला कोनी पाह्यत नाही. ओझं तर दोघंही वाह्यतात ना?" मला ते वाक्य पत्रकात घालावंसं वाटलं. मोठीआई आतून ओरडली, "तिले टायराचं सांगून राहिले, माह्या साडीचं सांगा!"

एकदा मी अमरावतीहून, राजापेठेतल्या आमच्या घरून, मुद्दाम भांडायलाच अकोल्याला गेले. मोठीआईने मला चहा दिला तेव्हा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. ती हसली, म्हणाली, "कडेचं जाऊन राहिलं आता." मी तशीच अंगणात गेले. मोठेबाबा चौथ्या यंत्राची माहिती वाचत होते. मी म्हटलं, "मोठेबाबा, तिचे डोळे तुमच्या यंत्रासाठी थांबणार आहेत का?"

त्यांनी चष्मा काढला. मग बोलले ते माझ्याकडे न पाहता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी धारणीत मोठीआईला ताप चढला होता. जीपमधून अमरावतीला नेताना घाटात टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नव्हती. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत ती एका सागाखाली पडून होती, बडबडत होती, आणि रस्त्याने एक गाडी येत नव्हती. शेवटी एस.टी. आली म्हणून वाचली. "त्या जागी मी तिले पुन्हा कसा नेऊ, सांग बरं?" ते म्हणाले. "त्या झाडापाशी गाडी बसली तर?"

 मोठीआई दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "यायले टायर आठवते. मले तर हे आठवतात. दिवसभर सागाच्या पानानं वारा घालून राह्यले होते मले. हात नाही थांबला." आणि मग जरा चढ्या आवाजात, "मले तेच पाहाचं आहे. समजलं का काही?"

दुसऱ्या आठवड्यात चौथं यंत्र आलं. थेट बॅटरीला चिमटे लावायचं, लोखंडी अंगाचं, लांब नळीचं, दम न सोडणारं. मोठेबाबांनी गल्लीला बोलावलं. पहिल्या टायरात हवा भरायला बसले, आणि तसेच बसून राहिले. टायराच्या बगलेवर, नख जाईल एवढ्या, भेगा पडल्या होत्या. सहाच्या सहा टायरांना. टायरवाल्याला बोलावलं, त्याने एकदा वाकून पाहिलं. "साहेब, गाडी फिरवली नाही का? उन्हात उभ्या उभ्या गेले हे."

 मोठीआई टायराच्या भेगा चाचपत म्हणाली, "हवा निवडता निवडता टायर बुढे झाले. आता आपन राह्यलो. चला." त्याच दिवशी नवे टायर बसले. दुकानातल्या मशीनने हवा भरून दिली, आणि मोठेबाबांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची हवा न मोजता घेतली.

थंडीत आम्ही निघालो. मला घ्यायला अमरावतीला आमच्या गल्लीत मिनीबस शिरली तेव्हा ट्यूशनची पोरं आपोआप रांगेत उभी राहिली. मी पाठीमागच्या पलंगावर बसले, परतवाडा मागे पडला, घाट लागला.  एका वळणावर, कोणी न सांगता, मोठेबाबांनी गाडी कडेला घेतली.

"हेच," मोठीआई म्हणाली.

"हे नाही, त्याच्या पुढचं," मोठेबाबा म्हणाले.

"मी झोपली होती त्याच्याखाली का तुमी?"

"तुले शुद्ध होती का?"

झाडावरून दोघं भांडली. शेवटी मोठेबाबांनी तिचे खांदे धरून तिला हळूच वळवलं, आता तिला समोरचंच दिसतं म्हणून. साग उंच होता. पानं गळून खाली पसरली होती, सुपाएवढाली. ती पाहत राहिली. मोठेबाबा लगेच खाली बसले आणि मापक घेऊन टायर तपासू लागले, पुढचे, मागचे, आतले. आतल्या टायरासाठी तर ते जवळजवळ गाडीखाली आडवे झाले. मोठीआईने मान फिरवली, कंदील फिरवावा तशी हळूहळू, आणि त्यांच्या पाठीवर येऊन थांबली. मी म्हटलं, "मोठीआई, झाड तिकडे आहे."

"झालं पाहून," ती म्हणाली.

मोठेबाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. सगळी हवा बरोबर होती. आता करायला काही उरलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते जरा घुटमळले, मग काळ्या हातांनी खालचं एक मोठं पान उचललं, झटकलं, आणि तिच्याजवळ बसून वारा घालू लागले.

"काहून?" ती म्हणाली. "थंडी आहे ना."

"राहू दे."

आणि जे पाहायला ती एवढ्या लांब आली होती, ते समोर असताना तिने डोळे मिटून घेतले.