कोपरा फाटलेलं कार्ड

कोणी म्हशी जमवतो, कोणी भांडणं. किन्हीराजा गावचा पुंजाजी पूल जमवायचा. पूल आणि बागा. साहेबाच्या काळातली चित्रांची पोस्टकार्डं; त्यांवर लोखंडी पूल नाहीतर कारंज्यांच्या सरकारी बागा. गडी वाशिमच्या पलीकडे फारसा गेला नाही, पण अहमदाबादच्या एलिस पुलाबद्दल असा बोलायचा, जणू रोज त्यावरूनच वावरात जातो.

हा नाद पुरवायचा त्याचा लेक गणेश. पुण्यात कंपनीत होता. जुन्या बाजारात कार्डं हुडकायचा आणि सणाला घरी आला की बापाच्या हातात ठेवायचा. त्याची बायको तुळसाबाई म्हणायची, "बाप येडा, लेक दीडयेडा." पण म्हणताना हसायची.

दिवाळीच्या तोंडावर गणेश दुचाकीच्या अपघातात गेला. तेरवी झाली. पुंजाजीनं कार्डांच्या पेटीला हात लावणं सोडलं.

मग एक दिवस तो हरभऱ्यातून घरी आला, तर तुळसाबाईनं पाणी तापवून ठेवलेलं.

"आगुदर आंघोळ करा. सुतकाचं कार्ड आलं होतं. कोपरा फाटेल होता. फाडून नालीत टाकलं म्या."

मरणाची खबर कोपरा फाडलेल्या कार्डानं धाडायची आणि ते कार्ड उंबऱ्याबाहेरच फाडायचं, ही जुनी रीत. आता अशा खबरी मोबाइलवर येतात, पण रीत काही मरत नाही. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं. घरात एवढं मोठं मरण होऊन गेलेलं, दुसरं तिला दारात क्षणभरही नको होतं. तिनं कार्डाकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

पुंजाजी नालीपाशी गेला. तुकडे वाहून गेले होते, एकच काठाला चिकटून होता. एका अंगाला पुलाची कमान, दुसऱ्या अंगाला निळ्या शाईत 'बाबा'. गणेशचं अक्षर. कोपरा जुनेपणानंच तुटला असणार. पोरानं या खेपेला दिवाळीची वाट न पाहता कार्ड पोस्टात टाकलं होतं, आणि कुठं कुठं हिंडून ते त्याच्या मागून पोचलं होतं. 'बाबा'च्या पुढं काय लिहिलं होतं, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

"कोणाचं होतं जी? कोण गेलं?" तुळसाबाईनं मागून विचारलं.

त्यानं तुकडा मुठीत दाबला. खरं सांगितलं असतं, तर तिनं आपले हात चुलीत घातले असते.

"दूरचं कोणी हाय व. तुया वळखीचं नाई."

"मंग बसा आंघोळीले. पाणी निवून राह्यलं."

न्हाणीत बसून पुंजाजीनं पोराच्या नावाची आंघोळ दुसऱ्यांदा केली.